जवाईबापूंचं ट्यूबलेस

जावई या माणसाबद्दल माझ्या मनात आदर निर्माण व्हावा म्हणून आमच्या घरानं फार मेहनत घेतली. ती सगळी वाया गेली. आमच्याकडे जावई उंबऱ्यात आला की आई डोक्यावरून पदर घेऊन पाय धुवायला पाणी ठेवायची, बाबा खुर्चीवरचे धानाचे कण स्वतःच्या दुपट्ट्यानं झटकायचे, आणि वर्षभर लाखोळीच्या डाळीवर वाढलेल्या आम्हा सगळ्यांना त्या दिवशी स्वयंपाकघरातून तुरीच्या वरणाचा आणि चिन्नोरच्या भाताचा वास यायचा. वासच यायचा. भात जावयाच्या ताटात जायचा. जावई काही बोलू लागला की बाबा घास चावायचे थांबत. तो काय बोलतोय याला काही महत्त्व नव्हतं. त्यानं "आज सूर्य पश्चिमेकडून निघाला" असं म्हटलं असतं तर बाबांनी "हो जी, या वर्षी जरा उशीरच झाला" असं उत्तर दिलं असतं. जावयाला नाही म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती, आजूबाजूच्या कुठल्याच घरात नव्हती.

आमचा जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ज्योतीताईचा नवरा, खेमराज. राहणार अर्जुनी मोरगाव. तिथल्या बसस्थानकाजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस बुटका, गोरा, केसांना सतत काहीतरी लावलेला, आणि हातात फोन. तो त्या फोनवर जगातल्या प्रत्येक वस्तूच्या दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा आणि बघून झाल्यावर ती वस्तू शोधत घरभर फिरायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच खेपेला त्यानं आमचा मिक्सर उघडला होता. तो मिक्सर पुढे कधी बंद झाला नाही असं आई कौतुकानं सांगायची. खरी गोष्ट अशी की तो मिक्सर पुढे कधी सुरूच झाला नाही, आणि आई पुन्हा पाट्यावर वाटायला लागली. मी त्याला तोंडावर जिजाजी म्हणायची आणि मनात जे म्हणायची ते इथं लिहिणं या वयात शोभणार नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो ताईला घेऊन मंडईसाठी आला आणि राहिला. आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा वार ठरलेला. त्या दिवशी बाजार, आकाशपाळणा, रात्री नाटक किंवा दंडार हा नाचगाण्याचा खेळ, आणि घरोघरी पाहुणे. आमच्या गावची मंडई अजून बारा दिवसांवर होती, पण खेमराजला अर्जुनीला परतायची घाई नव्हती. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची कापणी चालू होती. पहाटेपासून विळ्यांची खसखस, बैलगाडीची चाकं, शेजारच्या वाडीतल्या लाऊडस्पीकरवर कुणीतरी सतत म्हणत असलेलं "हॅलो, माईक टेस्टिंग". घरातले सगळे पाठ वाकवून शेतात, आणि जवाईबापू ओसरीवर उशीला टेकून फोनमध्ये. ताई शेतात त्याच्या वाटचंही कापत होती. लग्न होऊन परक्या घरी गेलेली मुलगी माहेरी येऊन धान कापते आणि तिचा नवरा चहा मागतो, याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. कॉलेज कामठ्याला, आमच्या गावापासून सहा किलोमीटर, कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं. माझ्याकडे काकांच्या मुलीची जुनी सायकल होती. रस्ता सपाट होता, पण त्या दिवसांत जनावरांपासून धान राखायला लोक बांधावर बाभळीच्या काट्या लावत, त्यांतल्या निम्म्या वाऱ्यानं रस्त्यावर येत. आठवड्यातून दोनदा पंक्चर ठरलेलं. पंक्चरचं दुकान कामठ्यात एकच, आणि पंक्चर नेहमी दुकान मागे पडल्यावरच व्हायचं. मग ढकलत घरी. प्रॅक्टिकल संपायला साडेचार वाजत, थंडीचे दिवस, गावात शिरेपर्यंत अंधार. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं तेव्हा बाबा पाराजवळ येऊन उभे होते. पारावर बसलेली माणसं त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत होती. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आता अजून एकदा अंधार झाला, तं कॉलेज बंद. मले पारावर उभं राहाची लाज वाटते." ते ओरडले नाहीत. ताईला अकरावीतून काढलं तेव्हाही ओरडले नव्हते. म्हणून तर मला ते खरं वाटलं. बाबा वाईट नव्हते, फक्त पारावरच्या चार रिकामटेकड्यांना ते स्वतःच्या मुलीपेक्षा जास्त मानत. असे बाप त्या काळी पुष्कळ होते आणि त्या सगळ्यांना चांगली माणसं म्हणत.

हे बोलणं जेवताना झालं, आणि जवाईबापूंनी ते ऐकलं. त्यांनी वरणाचा भुरका मारला आणि म्हणाले, "त्यात का आहे, बाबूजी? ट्यूबलेस करून टाकू. ट्यूबच नाही तं पंक्चर कायचं?"

बाबांनी घास थांबवला. "सायकलचं होते का जी ट्यूबलेस?"

"फॉरेनमधी सगळे तसेच चालवून राहिले. हे पाहा." आणि फोन बाबांच्या नाकाखाली धरला. त्यात एक दाढीवाला गोरा माणूस बर्फाच्या डोंगरावर सायकल चालवत होता. बाबांनी मान हलवली. बर्फात बाभळी नसतात हे त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं, आणि मी गप्प बसले. माझ्यापुढे दुसरा काही उपाय असता तर मी बोललेही असते.

ट्यूबलेसचं खरं सामान महाग होतं. खास रिम, खास टायर, आत ओतायचं ते औषध, सगळं मिळून माझ्या सायकलीपेक्षा जास्त. पण खेमराजचा सगळा गर्व फुकटात काम करण्याचा होता. त्यानं गावातून लहान मुलांच्या सायकलीच्या दोन जुन्या ट्यूब मिळवल्या, त्या मधोमध लांबीनं कापल्या आणि माझ्या रिमवर ताणून बसवल्या, म्हणजे आऱ्यांची भोकं झाकली गेली आणि व्हॉल्व्हही जागेवर आला. वरून टायर चढवला, कडेनं साबणाचं पाणी लावलं. हातपंपानं तो काही बसेना. मग चाकं घेऊन कुणाच्या तरी फटफटीवर कामठ्याला. तिथला पंक्चरवाला म्हातारा म्हणाला, "हे सायकलचं रिम आहे जी. याले कडा नाही. जास्त हवा झाली तं टायर सुटून जाईल." खेमराज हसला. पंक्चरवाल्याचा धंदा बसणार म्हणून तो जळतोय, असं त्यानं घरी येऊन सांगितलं आणि बाबांनी त्या म्हाताऱ्याला चार शिव्या दिल्या. यंत्राच्या हवेनं टायर टकटक आवाज करत रिमला बसला, कापलेल्या ट्यूबची बाहेर आलेली झालर ब्लेडनं कापून टाकली. इथवर, खरं सांगायचं तर, काम बरं झालं होतं. त्याची बोटं कामाची होती. वरचा मजला रिकामा होता.

राहिलं आतलं औषध. काटा घुसला की भोकात जाऊन जे घट्ट होतं आणि हवा अडवतं, ते. व्हिडिओतल्या गोऱ्यानं बाटली वापरली होती. आमच्या जवाईबापूंनी विचार केला की चिकट पातळ पदार्थ आणि त्यात बारीक कण, एवढंच तर पाहिजे, आणि धानाच्या मुलखात त्याला काय तोटा? त्यानं आईकडे भाताची पेज मागितली. आईनं संध्याकाळसाठी ठेवलेली घट्ट पेज गंजासकट, भांड्यासकट, त्याच्यापुढे ठेवली. त्यात त्यानं गिरणीतला बारीक कोंडा घातला, सुताराचा डिंक घातला, आणि चिकटपणा वाढावा म्हणून गुळाचा मोठा खडा विरघळवला. आई चुलीशी बसून बघत होती. तिनं आयुष्यभर पेज, गूळ आणि कोंडा यांच्याशी व्यवहार केला होता. ती हळूच म्हणाली, "जवाईबापू, हे आंबल ना जी?"

"आंबून जाईल कुठं, आई? आतमधी बंद आहे."

बाबांनी आईकडे नुसतं पाहिलं. आई पुन्हा चुलीत फुंकर घालू लागली. आमच्या गावात बंद मडक्यात मोहफुलं सडवली की काय होतं हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. त्या ओसरीवर बसलेल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. पण जावई बोलला होता. त्यानं पेज व्हॉल्व्हमधून पिचकारीनं टायरमध्ये सोडली, चाक गरगर फिरवलं, हवा भरली, आणि अंगणात जमलेल्या लोकांसमोर बोटभर लांबीचा काटा टायरमध्ये ठोकून उपटला. बुडबुडे आले, पांढरा फेस आला, आणि थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचे डोळे पाणावले होते, हे मी स्वतः पाहिलं. मला इंजिनिअर व्हायचं होतं आणि माझ्या बापाला इंजिनिअर जावई मिळाला होता.

पहिले तीन दिवस सायकल छान चालली. काटे लागले, थांबले. मी उजेडात घरी आले. चौथ्या सकाळी टायर दाबून पाहिला तर दगड. आदल्या दिवसापेक्षा घट्ट, आणि मधे कुणी पंप लावला नव्हता. कॉलेजच्या सायकल स्टँडवरचा चौकीदार नाक वर करून म्हणाला, "काऊन वो पोरी, तुह्या सायकलीनं सकारीच मोहाची मारली का?" तेव्हा मला सगळं समजलं. केमिस्ट्रीच्या पुस्तकात तो धडा आम्ही महिनाभरापूर्वीच घोकला होता. साखर, उष्णता, बंद भांडं, वायू. मी बाजूला जाऊन व्हॉल्व्हमध्ये आगकाडी दाबली. फुस्स करून आंबट वासाची हवा निघाली आणि शेवटी थोडा फेस.

त्या दिवसापासून रोज पहाटे, कॉलेजला निघायच्या आधी, मी सायकल गोठ्यामागे न्यायची आणि दोन्ही चाकांतली जास्तीची हवा सोडायची. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेज निघाली असती, जुन्या ट्यूब परत बसल्या असत्या, पुन्हा पंक्चर, पुन्हा अंधार, आणि कॉलेज बंद. हे कारण खरं आहे आणि पुरेसं आहे. पण तेवढंच नव्हतं. संध्याकाळी घरी यावं तर जवाईबापू ओसरीवर सांगत असत, "हवा भराची गरजच नाही. आठ दिवस झाले, पंप लावला नाही." आणि बाबा पारावर जाऊन तेच सांगत. पार ऐकत होता. ज्या पारासमोर माझी लाज वाटत होती, त्याच पारावर त्या पेजेची कीर्तनं चालली होती. तिघाचौघांनी आपापल्या सायकली करून मागितल्या. खेमराजनं जाहीर केलं की मंडईच्या दिवशी दुपारी, पाहुण्यांसमोर, अंगणातच सगळ्यांचं ट्यूबलेस करून देईन.

मी त्याच दुपारची वाट पाहायचं ठरवलं. मंडईमुळे कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती. आदल्या दिवशी पहाटे मी हवा सोडली नाही. मंडईच्या सकाळीही नाही. उलट सायकल गोठ्याच्या सावलीतून काढून अंगणात, तुळशीच्या पलीकडे, सकाळपासून ऊन येतं तिथं नेऊन ठेवली. माझा हिशेब सोपा होता. दुपारी, माणसं जमलेली असताना, जवाईबापू फोन काढून भाषण करत असताना, मागे टायर फुटेल, आंबलेली पेज त्याच्या केसांवर उडेल, आणि निदान एकदा सगळं गाव त्याला हसेल. कुणाला तुच्छ समजायची सवय लागली की त्यात एक गोडी येते. सतरा वर्षांच्या मुलीला ती फार लवकर लागते. मला आज या वयातही ती पूर्ण सुटलेली नाही, हे हा मजकूर वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

मंडईच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मागच्या अंगणात मटण शिजत होतं, आई आणि काकू उडदाचे वडे थापत होत्या, स्पीकरवरचं गाणं मधेच थांबून हरवलेल्या मुलांची नावं येत होती. खेमराज न्हाणीच्या दारात आरसा टांगून दाढी करत होता. मला आईनं भांड्यांचा ढीग देऊन बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, पाठवलं. अर्ध्यापाऊण तासानं मी टोपली डोक्यावर घेऊन परत आले तर तुळशीपलीकडे सायकल नव्हती.

"सायकल कुठं आहे?" मी विचारलं.

"ज्योतीनं नेली," आई वड्यांवरून मान वर न काढता म्हणाली. "खोबरं आणि कोथिंबीर कमी पडली, अन् आपला बाजार दुपारी भरते. मी जातो न् येतो म्हणली, कामठ्याले."

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण ते लिहायचं नसेल तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं, "गेली मजा." दुपारची मजा गेली. टोपली खाली ठेवून मी हात पुसले, आणि हात पुसता पुसता मला समजलं की ताई सायकलवर बसली आहे. मग मी धावत सुटले. पाराच्या पुढे गेले तोच समोरून धानाचा ट्रॅक्टर आला आणि चालवणारा माणूस उभा राहून ओरडला, "तुमची ज्योती पडली! कालव्याजवर! चाक फुटलं!"

माझ्या मागून कुणीतरी मला ओलांडून गेलं. खेमराज. उघडा, कमरेला टॉवेल, अर्ध्या गालाला दाढीचा फेस, पायात काही नाही. त्या काटेरी रस्त्यावरून तो असा धावत होता की मी पोचले तेव्हा तो ताईला उचलून उलट येतही होता. पुढच्या चाकाचा टायर रिमवरून सुटून लोंबत होता, आणि रस्त्यावर पांढरी पेज सांडली होती. ताईचं तोंड रक्तानं भरलं होतं. डावा हात मनगटापाशी नको तिकडे वळला होता. खेमराजच्या पायांतून काटे आणि रक्त, आणि तो एकच वाक्य म्हणत होता, "तोंड बंद नोको करू, ज्योती, श्वास घे, तोंड बंद नोको करू." त्याच्याकडे पाहून हसू यावं असाच तो दिसत होता. मला हसू आलं नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, समोरचे दोन दात गेले, मनगटाचं हाड मोडलं, बाकी ठीक आहे. बाहेरच्या बाकावर खेमराज कुणाचा तरी शर्ट घालून बसला होता, एका गालावर दाढी तशीच. बाबा येताच तो उठला आणि त्यांच्या पायांवर वाकला. "माझीच चूक आहे, बाबूजी. मले मारा."

बाबा दचकून मागे सरले. जावई पाया पडतो म्हणजे उलटी गंगा. "तुमची कायची चूक, जवाईबापू?" ते म्हणाले. "चाकच जुनं होतं." तेव्हाही. मुलगी आत शुद्धीवर येत होती आणि बाप जावयाची समजूत काढत होता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला त्यांचा तिरस्कार वाटायला हवा होता. पण तिथं उभ्या असलेल्या तिघांत सगळ्यात कमी दोष खेमराजचा होता, आणि हे मला एकटीला ठाऊक होतं. माझं तोंड मी उघडलं नाही.

मग बाबा माझ्याकडे वळले. "सायकल आता बंद," ते म्हणाले, आणि मला वाटलं संपलं. "मी काकाच्या फटफटीनं सोडत जाईन तुले. न्यायलेही येत जाईन." ते थकले होते. त्या क्षणी पारावर कोण काय म्हणेल हे त्यांना आठवलं नसावं. दुसऱ्या आठवड्यापासून ते मला रोज कामठ्याला सोडू लागले, धानाची मळणी मजुरांवर टाकून. मी बारावी झाले, पुढे शिकले, नोकरी केली, आज ज्या घरात बसून लिहितेय ते स्वतःच्या पगारातून बांधलं. त्या सगळ्याची सुरुवात ताईच्या दोन दातांनी झाली. ती मी कुठल्या सत्काराच्या भाषणात कधी सांगितली नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मी ताईजवळ बसले होते. आई चहा आणायला गेली होती. ताईचे ओठ सुजले होते, शब्द वाऱ्यासारखे निसटत होते, म्हणून मी तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"तू रोज सकारी गोठ्यामागं हवा सोडत होती," ती म्हणाली. "मी पायलं. शेन काढाले यायची तवा."

मी विचारलं, "मग तरी तू नेलीस?"

"मले वाटलं," ताई म्हणाली, "आजही सोडली असशील."

का सोडली नव्हतीस, हे तिनं तेव्हा विचारलं नाही. पुढेही कधी नाही. खेमराजची टिंगल मी चालूच ठेवली, प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात, त्याच्या मुलांसमोरसुद्धा, आणि तो सगळ्यांबरोबर हसायचा. ती एकदम बंद केली असती तर कुणीतरी कारण विचारलं असतं.